मला येत होतं का, बाई?

पाठक बाई माणसाला आधी वाचायला लावायच्या आणि मग चहा विचारायच्या. कुणी का असेना. खताच्या दुकानाचा पोरगा गोणी टाकायला आला की गोणीवर बोट ठेवायच्या, "हे काय लिहिलंय, वाच." त्यानं वाचलं की, "आता न बघता सांग, काय कळलं." आमच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवरदेवालासुद्धा बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायला लावलं बाईंनी. आमची हिरा चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली. पोरगं घामाघूम झालं, पण त्यानं वाचलं आणि सांगितलंही. बाई आत येऊन म्हणाल्या, "द्या मुलगी. याला कळतं." दिली. सुखात आहे.

हिरा म्हणजे माझी बायको. ती गेली. तिच्या मागं बाईही गेल्या. मुलगा दत्ता सुप्याला कंपनीत आहे, आठवड्यानं येतो. सून रानात. दिवसभर घरात मी एकटा. एकटा तरी कसा म्हणू? दुपारी डोळा लागला की पुढच्या खोलीतून "पुढचं वाच" असा आवाज येतो. उठून जातो. खोलीत कांद्याच्या गोण्या असतात. पुन्हा येऊन पडतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मी लिहायला बसणं म्हणजे बैलानं गाडीत बसण्यासारखं आहे. पण बाई गेल्याचं कळलं तेव्हा शाळेत दोन मिनिटं उभे राहिले, एक मास्तर म्हणाला, "अत्यंत विद्यार्थीप्रिय व्यक्तिमत्त्व होतं," आणि खिचडी खाऊन पोरं पांगली. त्या मास्तरानं बाईंना पाहिलेलं पण नव्हतं. बाईंनी हे ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, "पाठ आहे. येत नाही."

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. एखाद्या पोरानं धडाधडा उत्तर म्हटलं, की बाई प्रश्न जरा फिरवून विचारायच्या. पोरगं गप्प झालं की शांतपणे म्हणायच्या, "पाठ आहे. येत नाही." पुढाऱ्याचं भाषण ऐकून हेच, कीर्तन ऐकून हेच. एकदा हिराकडून भाकरी थापायला शिकल्या. पीठ किती, पाणी कसं, कड कशी वळवायची, सगळं तोंडानं बिनचूक सांगत होत्या आणि परातीत नकाशा तयार होत होता. हिरा म्हणाली, "बाई, पाठ हाय, येत न्हाई!" बाई इतक्या हसल्या की पिठाचा हात डोळ्याला लागला. त्यानंतर भाकरी हिराचीच खाल्ली त्यांनी, ती होती तोवर.

बाई नगरच्या. बसवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात नगरच बसलंय. बाप मास्तर, आजा मास्तर. तिसगावच्या पुढं आमचं गाव. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन आल्या आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिल्या. बामणाची बाई, म्हणून हिरानं भीत भीत विचारलं, "तुमच्यात कांदा-लसूण चालतो का?" बाई म्हणाल्या, "चालतो. आणि तुमच्या हातचा असला तर पळतो." तिथून दोघींचं जमलं. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. हिरानं विचारलं असणार, पण मला सांगितलं नाही.

उंच, काटकुळ्या. टाच दुखायची म्हणून साडीखाली पुरुषांचे कापडी बूट. पोरं सोडून सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. आमच्या कुत्र्याला म्हणायच्या, "अहो, सरका जरा." कुत्रं सरकायचं. माझ्या शब्दाला कधी सरकलं नाही.

आधी बाई निराळ्या होत्या, हेही सांगितलं पाहिजे. आल्या तेव्हा त्यांना निकालाचा नाद होता. स्कॉलरशिपची परीक्षा आली की शाळेच्या आधी वर्ग, शाळेच्या नंतर वर्ग. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे नगरहून आणायच्या. चार पर्यायांतला एक निवडून गोल काळा करायचा, हे पोरांच्या हाताला असं बसवलं की प्रश्न पुरा व्हायच्या आत पेन्सील चालायची. तालुक्यात आमच्या शाळेचं नाव झालं. साहेब लोक गाड्या घेऊन यायचे, बाईंना शाल द्यायचे. बाईंनी शाली हिराला दिल्या. आमच्या घरात थंडीला कुणी कधी कुडकुडलं नाही.

त्या वेळचं त्यांचं सगळ्यात लाडकं पोर म्हणजे सोपान.

सोपानचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसऱ्यानंतर ट्रॅक्टरमध्ये बसायचे ते उन्हाळ्यात परत. पोरगं आजीपाशी. बाईंनी त्याला हाताशी धरलं. दिसायला काळासावळा, बारीक, आणि डोकं असं की एकदा बघितलेलं पान तोंडपाठ. स्कॉलरशिपला जिल्ह्याच्या यादीत आला. फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागला, खाली हात जोडलेले गावातले सगळे पुढारी, आणि एका कोपऱ्यात बाई. बाईंनी फोटो दिला नव्हता, कुणीतरी लग्नातला कापून लावला होता. सोपानची आई साखर कारखान्यावरून आली आणि फ्लेक्सपुढं उभी राहून तिनं पोराच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली.

दहावीला नव्वदच्या वर. बारावीला ज्या कॉलेजात नाव होतं तिथं तो पेपरापुरता गेला. तिथले पेपर कसे बघून लिहितात ते आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तिथंही चांगले पडले. पुण्याला इंजिनिअरिंगला लागला. बाई त्याला एसटीत बसवायला फाट्यावर गेल्या, येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आल्या, "लागला हो आपला सोपान."

दिवाळीला आला. बरोबर वळकटी आणि पत्र्याची पेटी. दिवाळीला येणारं पोरगं पिशवी आणतं, पेटी आणत नाही. मी बघितलं.

दिवेलागणीच्या आधी आमच्या ओट्यावर आला. बाई तांदूळ निवडत होत्या. मी पलीकडं गाईच्या पुढ्यात वैरण टाकत होतो, त्यामुळं सगळं ऐकलं.

"कधी परत जायचंय?" बाईंनी विचारलं.

"न्हाई जायचं."

"का रे?"

त्यानं ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाला, "बाई, तिथं सर बोलतात ते ऐकू येतं, पन कळत न्हाई. पयल्यांदा मला वाटलं, कानाला काय झालं. डॉक्टरला कान दाखवला मी. कान चांगला हाय म्हनला."

"अरे, सुरुवातीला होतं असं. इंग्रजी आहे, म्हणून..."

"इंग्रजी न्हाई. मराठीत सांगितलं तरी न्हाई कळत. प्रश्न ओळखीचे न्हाईत, बाई. एकपन ओळखीचा न्हाई." मग त्यानं अगदी हळू विचारलं, चेष्टा नाही, राग नाही, जसं कुणी वाट विचारावी तसं. "बाई, मला येत होतं का?"

बाईंचा हात ताटात थांबला. मला वाटलं, आता म्हणतील, येत होतं रे, तू तर आपलं रत्न. काहीतरी बोलतील. बाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. पोरगं त्यांच्या पाया पडलं आणि गेलं.

पाडवा झाल्यावर सकाळच्या एसटीनं गेला. आजीला म्हणाला, कामाला जातो. कुठं, ते सांगितलं नाही. आई-बाप तेव्हा उसाच्या फडात. फोन बंद. पुण्यात शोधलं, पोलिसात दिलं, कोल्हापूरकडं कुणाला दिसला म्हणून माणसं तिकडं गेली. नाही सापडला. मेल्याचंही कळलं नाही आणि असल्याचंही नाही. अजून नाही.

बाईंनी त्या दिवसापासून त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. फाट्यावरचा फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला, फाटला, कुणीतरी गंजीवर झाकायला नेला. बाई तिथून जाताना मान खाली घालायच्या. नगरला ट्रेनिंगला जायच्या तेव्हा हिरा कधी कधी सोबत जायची, दवाखान्याचं किंवा कापडाचं काम असलं की. येऊन मला सांगायची, "बाई च्या पीत न्हाईत. हाटेलात आत डोकावून बघत बसत्यात. भांडी घासनाऱ्या पोरांची तोंडं बघत्यात." मी म्हणालो, "तू काय म्हनलीस मग?" ती म्हणाली, "मी काय म्हनू? मीपन बघत बसले."

सोपानची आई दर उन्हाळ्यात फडावरून आली की बाईंकडं यायची. उंबऱ्यातच बसायची. "बाई, काय पत्ता लागला का?" बाई शिकलेल्या, म्हणजे यांना ठाऊक असणार, असं तिच्या मनात. बाई म्हणायच्या, "नाही हो." ती म्हणायची, "तुमी हाय म्हनून धीर हाय." एवढं बोलून जायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं, हे मी आडाणी असून मला कळायचं.

तिथून बाई बदलल्या. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे हिरानं बंब पेटवायला वापरले. बाईंनीच दिले. वर्गात धडा वाचायचा आणि थांबायचं. "आता पुस्तक मिटा. सांगा." चार ओळींना अख्खी दुपार जायची. आणि त्यातच ती सरकारची चाचणी आली.

ही चाचणी कशी, ते सांगतो. पेपर वरून छापून येतो. घ्यायचा मास्तरांनी, तपासायचा मास्तरांनी, मार्क मोबाईलवर भरायचे तेही मास्तरांनी. त्यावरून वर ठरतं, कुठल्या शाळेतली पोरं पुढं आणि कुठली मागं. आता बोला. डेअरीत ज्याचं दूध त्यालाच फॅट लावायला दिली, तर पातळ दूध कुणाचं निघेल? मास्तर फळ्यावर उत्तरं लिहितात. पोरांना सांगतात, बघून घ्या रे. यात कुणाला पाप वाटत नाही. पाहुण्याच्या ताटात आग्रहानं वाढतात तसं ते वाढलेलं असतं. आई-बाप खूष, साहेब खूष. आधी बाईंनीही वाढलं असणार. त्या वर्षी नाही वाढलं. फळा पुसून कोरा ठेवला आणि पोरांना म्हणाल्या, "जेवढं कळतं तेवढंच लिहा. नाही कळलं तर जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेला मी रागावणार नाही." आणि जसं निघालं तसं भरून टाकलं. मागं पडलेलं पोर मोबाईलवर लाल दिसतं.

आठवड्याभरात केंद्रप्रमुख आले. म्हणजे आजूबाजूच्या शाळांवरचे साहेब. भले माणूस. आमच्या ओट्यावर बसले. हिरानं चहा दिला. मी शाळेच्या कमिटीवर होतो, म्हणून मलाही बसवलं. कमिटीवर मी का, तर बाकीच्यांना वेळ नव्हता.

"बाई, निम्मा वर्ग लाल दाखवलाय तुमी."

"निम्म्या वर्गाला वाचून कळत नाही, साहेब."

"अहो, सगळ्याच शाळांत न्हाई कळत. पन कुनी दाखवतं का?"

"मग कुठल्या शाळेत कळत नाही ते तुम्हाला कसं कळतं?"

"आमाला ठाऊक असतं की!"

"ठाऊक असतं तर चाचणी कशाला घेता?"

साहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "बाई, तुमचा मान राखून बोलतो. मला वरून फोन येतो. काय सांगू मी?"

"खरं सांगा."

"खऱ्याला त्यात रकानाच न्हाई हो," साहेब म्हणाले. आणि खरंच हसू आलं त्यांना. बाईंना नाही आलं.

साहेब गेल्यावर गाव आलं. एकानं शाळेच्या पटांगणात सरळ विचारलं, "माझं पोरगं ढ हाय, हे सरकारला कळवायचा तुमाला काय अधिकार?"

"ढ नाही हो तो. त्याला अजून येत नाही."

"मग दुसऱ्या गावातल्या पोरास्नी कसं येतं?"

"त्यांनाही येत नाही."

"मंग आमचंच का दाखवलं?"

 याचं उत्तर बाईंपाशी होतं, पण ते त्यांनी द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मला दिसलं. सोपानची आजी त्या गर्दीत काठी टेकून उभी होती.

पुढच्या जूनला इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात यायला लागली. निम्मी पोरं तिच्यात बसली. मी बाईंना म्हणालो, "बाई, शाळा बंद पडंल आशानं. मार्क भरून टाका की जरा. कुनाचं काय जातंय?" बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी चप्पल घालून रानात गेलो.

दत्ताही म्हणाला, आरतीला पिवळ्या बसमध्ये घालायची. आरती म्हणजे त्याची पोरगी, माझी नात. ती तेव्हा लालमध्ये होती. हिरा चुलीवरून उठली नाही, नुसती म्हणाली, "माझी नात बाईंपाशी शिकंल. लाल तर लाल. कुंकू बी लालच असतंय." दत्ता गप्प बसला. हिरापुढं तो लहानपणापासून गप्पच बसायचा, तसा मीही.

हिराला स्वतःला अक्षर येत नव्हतं. बाईंनी शिकवायला घेतलं तर म्हणाली, "मला नका शिकवू. मला ऐकायला आवडतं." संध्याकाळी बाई आरतीला घेऊन बसायच्या आणि हिरा लसूण सोलत दाराशी. आरती वाचायची, सांगायची, चुकायची. कधी कधी आरतीच्या आधी हिरा सांगून टाकायची. बाई म्हणायच्या, "हिराबाई, तुम्ही बोलायचं नाही." मग हिरा ओठ मिटून आरतीला भुवयांनी उत्तर सांगायची. बाई म्हणायच्या, "भुवया पण नाहीत!"

मग हिरा आजारी पडली. पोटात दुखायचं. नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं, दत्ता, मी आणि बाई. डॉक्टर इंग्रजीत बोलला, बाईंना कळलं, त्यांनी आम्हाला बाहेर सांगितलं. दत्ता रडला. मी ठरवलं, हिराला सांगायचं, मूतखडा आहे. सगळ्यांनी तेच सांगितलं. सून, लेकी, शेजारी, सगळ्यांचा मूतखडा.

घरी आल्यावर हिरानं बाईंना बोलावलं. मी तिथंच होतो. "बाई, डॉक्टर बोलला ते तुमी ऐकलं. आता मला सांगा."

मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "हिराबाई, हे बरं होणार नाही. औषधानं दुखणं कमी राहील. पण बरं नाही होणार."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. हिराच म्हणाली, "गप बसा वं. एवढ्या दिसांत एक मानूस खरं बोललं." मग बाईंना म्हणाली, "आरतीचं काय हुईल?" बाई म्हणाल्या, "मी आहे." मला बाईंचा राग आला होता. अजून आहे थोडा. पण हिरा त्यानंतर शांत झाली, लेकींना बोलावून दागिने वाटले, मला भाकरीचं पीठ कुठं दळायचं ते सांगितलं आणि श्रावणात गेली. मूतखड्यात गेली असती तर यातलं काही झालं नसतं. हेही तितकंच खरं.

बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, तरी खोली सोडली नव्हती. आरती बारावीला गेली. बारावीच्या पेपराला आमच्याकडं मामानं भिंतीवर चढून चिठ्ठी द्यायची, हे मामाचं कर्तव्यच धरतात, लग्नात भाचीच्या मागं उभं राहतात तसं. आरतीचा मामा कर्जतहून मोटरसायकलवर आला, चढला, खिडकीतून चिठ्ठी टाकली. आरतीनं उचलली नाही. मामा घरी येऊन म्हणाला, "माजी इज्जत काढली पोरीनं! बाकीच्या पोरी मामा मामा करत्यात, ही बघना बी." तो अजून रुसलेला आहे. निकाल लागला. फाट्यावर नव्वदवाल्यांचे फ्लेक्स लागले आणि आमची आरती साठाच्या घरात. दत्ता दोन दिवस जेवला नाही. तरी पुण्याला सायन्सच्या कॉलेजात नंबर लागला.

आणि मग बाई घाबरल्या. मी त्यांना साहेबांपुढं, गावापुढं, मरणापुढं घाबरलेलं बघितलं नव्हतं. आरतीची बॅग भरताना पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून पुढच्या. मला म्हणाल्या, "अण्णा, पाठवू या का? एक वर्ष थांबवलं तर? मी अजून तयारी करून घेते."

"बाई, आता तुमीच आसं म्हनायचं का?"

"तिला गणितात दोन धडे अजून नीट नाही कळलेले. मला माहीत आहे. तिथं कुणी विचारणार नाही. तिथं..."

आरती गेली. फाट्यावर बाई आल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या.

बाईंना चालताना दम लागायला लागला होता. नगरचा भाचा दर रविवारी फोन करायचा, "आत्या, मी न्यायला येतो." बाई म्हणायच्या, "आरती दिवाळीला येऊ दे, मग." फोन करून आरतीला विचारायच्या नाहीत. सून फोनवर बोलायची तेव्हा पलीकडच्या खोलीत जाऊन बसायच्या. जेवण निम्म्यावर आलं. मी विचारलं, "फोनवर इचारून टाका की, कळतंय का म्हनून." म्हणाल्या, "फोनवर सगळे हो म्हणतात, अण्णा."

दिवाळीला आरती आली. मी फाट्यावर गेलो होतो. एसटीतून उतरली तेव्हा मी आधी तिच्या हाताकडं बघितलं. खांद्याला पिशवी होती. पेटी नव्हती. मला रडू आलं. पोरगी म्हणाली, "आज्जा, काय झालं?" म्हणालो, "काय न्हाई, धूळ गेली."

घरी आल्यावर ती बाईंच्या पाया पडली. बाईंनी पाणी पिऊ दिलं, बसू दिलं. मग विचारलं. आवाज नेहमीचाच ठेवायचा प्रयत्न केला होता.

"कळतं का तिथं?"

आरती म्हणाली, "न्हाई कळत, बाई."

मी खांबाला टेकून उभा होतो. बाईंनी डोळे मिटले.

"लई ठिकाणी न्हाई कळत," आरती म्हणाली. चिवडा खात खात. "मग मी हात वर करते."

बाईंनी डोळे उघडले. "मग?"

"मग पोरं हसत्यात. पयल्या बाकावरच्या लई हसत्यात."

"मग?"

"मग म्याडम परत सांगत्यात. तरी न्हाई कळलं तर मी परत हात वर करते. आता म्याडम शिकवताना माझ्याकडंच बघत्यात. मागच्या बाकावरची पोरं म्हनत्यात, आरती, तू इचार गं, आमालाबी कळलं न्हाई." आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली, "गनिताचे ते दोन धडे मात्र पयल्यापासून करायला लागत्याल. तुमी आता शिकवता का?"

"आधी खाऊन घे," बाई म्हणाल्या.

आरती आत गेली. बाई ओट्याच्या कडेला येऊन बसल्या. आनंद झाला असेल म्हणून मी जवळ जाऊन बसलो. हिरा असती तर ती बसली असती, तिला काय बोलायचं ते कळलं असतं. मला एवढंच सुचलं, "बाई, पोरगी तुमी घडवली."

बाई रस्त्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, सोपानला हात वर करायला मी शिकवलंच नव्हतं. माझ्या वर्गात कधी गरजच पडली नाही त्याला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं इथं येऊन विचारलं, तोच त्याचा हात वर होता. आणि मी तांदूळ निवडत बसले."

सुट्टी होती तोवर दोन्ही धडे झाले. आरती पुण्याला गेली आणि भाचा कार घेऊन आला.

सामान फार नव्हतं. हिराची एक शाल मी दिली, म्हणजे त्यांचीच. मी फाट्यापर्यंत सोडायला म्हणून कारमध्ये मागं बसलो. शाळेपाशी बाई म्हणाल्या, "थांब जरा." दार उघडून उतरल्या. शाळेत पोरं कमीच राहिली होती, पण सगळी मिळून मोठ्यानं कविता म्हणत होती, सूर लावून, एका दमात. कविता अशी पाठ होती की एक शब्द अडखळत नव्हता. नवे मास्तर खिडकीशी मोबाईल बघत होते.

बाई कुंपणाच्या तारेला धरून उभ्या राहिल्या. भाचा म्हणाला, "आत्या, ऊन आहे." बाईंनी ऐकलं नाही. मान एका अंगाला कलती करून कान दिला होता. कविता संपली, पोरांनी परत पहिल्यापासून धरली. भाच्यानं हॉर्न वाजवला. बाईंनी मागं न बघता हातानं त्याला गप्प केलं आणि तारेच्या आणखी जवळ सरकल्या. एवढ्या आवाजांत कुणाला कळत नाहीये, ते त्या ऐकत होत्या.